मोंढ्यातून थेट समुद्रावर!

मोंढ्यात ट्रक भरताना पाहिलाय ना? जे आधी उतरवायचं, ते शेवटी चढवायचं. जहाजाचंही तसंच, शिवाय तोल सांभाळायचा. नौदलात शिधा, सुटे भाग, सामानसुमान यांचा हिशेब लॉजिस्टिक्स शाखेकडे. तिचं प्रशिक्षण मुंबईत मार्वेला, 'आयएनएस हमला'वर होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, १० मे २०२१ ला 'आयएनएस त्रिकंद' कतारहून ४० टन द्रवरूप ऑक्सिजन घेऊन मुंबईला लागली. एकही गोळी न झाडता युद्धनौका रुग्णांच्या कामी आली.

तेव्हा 'परभणीला कुठंय समुद्र?' म्हणून नौदलाचा फॉर्म बाजूला ठेवू नका, दोस्तांनो. बारावीला गणित, भौतिकशास्त्र असेल तर अग्निवीर एसएसआर भरतीची जाहिरात बघाच. शाखा पुढे नौदल ठरवतं; पण मालाची नीट थप्पी लावणं हीसुद्धा देशसेवाच!