गॅस न जाळता वीज! इंधन घट कोणत्या धंद्याला परवडेल?

बेकरी असो, कारखाना असो की शीतगृह, विजेशिवाय आज कोणताच धंदा चालत नाही. वीज गेली की जनरेटर लावायचा आणि महिनाअखेर नफ्यातला मोठा वाटा डिझेलमध्ये गेलेला पाहायचा, हा बहुतेक व्यापाऱ्यांचा अनुभव आहे. अशा वेळी पाइपच्या गॅसवर चालणारे, फारसा आवाज न करणारे आणि लहान गॅस जनरेटरच्या निम्म्या गॅसमध्ये तेवढीच वीज देणारे यंत्र मिळाले तर कोणाला नको? असे यंत्र आहे. त्याचे नाव इंधन घट, म्हणजेच फ्युएल सेल. मात्र त्यात पैसा घालण्यापूर्वी आत गॅसचे काय होते हे समजून घेतले पाहिजे.

जागेवरच हायड्रोजन

हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळते, हे ब्रिटनमधील विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 मध्ये दाखवून दिले. तत्त्व आजही तेच आहे, अडचण हायड्रोजनची. हा वायू इतका हलका की सिलिंडर जड आणि आतला माल थोडा. वाहतूकच महाग पडते. त्यामुळे जिथे वीज हवी तिथेच नैसर्गिक वायूपासून तो तयार करतात. या क्रियेला रिफॉर्मिंग म्हणतात.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो वाफेबरोबर सुमारे 700 ते 900 अंश सेल्सिअस तापमानाला निकेलच्या उत्प्रेरकावरून सोडला की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात. या क्रियेला भरपूर उष्णता लागते. सुमारे 80 अंशांवर चालणाऱ्या घटांसाठी ही भट्टी वेगळी ठेवावी लागते. शिवाय त्यांतील प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइड अगदी अल्प प्रमाणातही बाधतो, म्हणून तो काढून टाकण्याचा खर्च वाढतो.

झिर्कोनिया या चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे घट मात्र 600 ते 1000 अंशांवर चालतात. वीज तयार होताना उरणारी उष्णताच त्यांत रिफॉर्मिंगच्या कामी येते आणि कार्बन मोनॉक्साइडही इंधन म्हणून वापरला जातो. एका खात्याचा टाकाऊ माल दुसऱ्या खात्याचा कच्चा माल ठरतो. फायद्याचे मूळ इथेच आहे.

घटाचे तीन शत्रू

पहिला शत्रू गंधक. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये जो उग्र वास मिसळतात, त्यात गंधक असते. ते निकेलला निकामी करते. त्यामुळे गॅस आधी गाळावा लागतो आणि गाळणीतला माल ठरावीक काळाने बदलावा लागतो.

दुसरा शत्रू काजळी. वाफ कमी पडली की निकेलवर कार्बन साचतो. म्हणून मिथेनच्या दुप्पट-तिप्पट वाफ देतात. त्यासाठी पाणीही क्षारमुक्त हवे. बोअरचे पाणी तसेच घालून चालणार नाही.

तिसरा शत्रू वारंवार बंद-चालू करणे. घट तापायला काही तास लागतात, आणि पुन्हा पुन्हा तापला-निवला तर त्याला तडे जाण्याची भीती असते. म्हणूनच दिवसातून दोन तास वीज जाते, तेवढ्यापुरते हे यंत्र घेणे चुकीचे ठरेल. ते अखंड चालणाऱ्या कामाचे आहे.

जपानचा धडा

जपानमध्ये 2009 पासून एने-फार्म या नावाने घरगुती इंधन घट विकले जाऊ लागले. 2011 मध्ये त्यात झिर्कोनियाचे घट आले. सुमारे 700 वॉटचे हे यंत्र घराला वीज देते आणि उरलेल्या उष्णतेवर अंघोळीचे पाणी तापवते. सुरुवातीला किंमत फार होती. सरकारने अनुदान दिले, उत्पादन वाढले, तशी ती उतरत गेली. धडा असा की केवळ विजेवर नव्हे, वीज आणि गरम पाणी दोन्ही विकले गेले तेव्हा हिशेब बसला.

आपला हिशेब

एक घनमीटर नैसर्गिक वायूत सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. लहान गॅस जनरेटर त्यातून अडीच-तीन युनिट वीज देतो, चांगला इंधन घट पाच ते साडेपाच. हिशेबापुरता गॅस 60 रुपये घनमीटर धरला, तर घटाच्या विजेचा नुसता इंधनखर्च युनिटला 11 ते 12 रुपये येतो. यंत्राची किंमत, गाळणी आणि झिजलेले घट बदलण्याचा खर्च वेगळा. आपल्या वीजबिलातील दराशी हा आकडा ताडून पाहावा.

म्हणून ज्यांना चोवीस तास वीज आणि गरम पाणी दोन्ही लागतात, असे रंगाई कारखाने, हॉटेले, लाँड्री, रुग्णालये यांनीच आज याचा विचार करावा. विक्रेत्याला चार प्रश्न अवश्य विचारावेत: घट किती तास टिकण्याची लेखी हमी आहे? गाळणी केव्हा बदलावी लागेल व तिची किंमत काय? उष्णतेचा उपयोग कसा होईल? दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत येईल? उत्तरे लेखी मिळाली तरच पुढची बोलणी करावीत. यंत्र उत्तम असले, तरी ते आपल्या धंद्याला लागू पडले तरच नफ्याचे.