नाका चुकवणारी साखर

लघवीतली साखर पूर्वी रंगावरून ओळखायचे. निळ्या बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे काही थेंब टाकायचे, परीक्षानळी तापवायची आणि रंग पाहायचा. विटकरी झाला की मधुमेह. पण क्वचित एखादा माणूस सगळ्यांना चकवायचा. रंग बदलायचा, मात्र त्याला ना फार तहान, ना वजनात घट, ना थकवा. त्याच्या लघवीत साखर होती हे खरंच, फक्त ती ग्लुकोज नव्हती. ती होती फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली आणि मधातली साखर. हा प्रकार 1876पासून वैद्यकाला ठाऊक आहे. अशा माणसाला काहीही त्रास होत नाही आणि औषधही लागत नाही.

या निरुपद्रवी माणसाने मला कितीतरी दिवस विचारात पाडलं आहे. आपल्या चहातल्या साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. आतड्यात ती फुटते. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, अणू तेवढेच, मांडणी तेवढी वेगळी. एवढ्याशा फरकाने दोघांचे रस्ते मात्र पार बदलतात.

ग्लुकोज शरीरभर फिरतो आणि पेशीत शिरल्यावर त्याला एक नाका लागतो. तिथला नाकेदार म्हणजे एक विकर, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज. पेशीकडे ऊर्जा भरपूर असेल तर तो म्हणतो, आता पुरे, थांबा. गर्दी आवरते. फ्रुक्टोज या नाक्याला वळसा घालतो. यकृतात फ्रुक्टोकायनेज नावाचं दुसरंच विकर त्याला भराभर फॉस्फेट चिकटवतं आणि ते 'पुरे' म्हणत नाही. हे फॉस्फेट येतं एटीपीमधून, म्हणजे पेशीच्या रोख गंगाजळीतून. एकदम पुष्कळ फ्रुक्टोज आला की गंगाजळी आटते आणि उरलेल्या अवशेषांपासून युरिक आम्ल तयार होतं. पुढे आणखी एक विकर, अल्डोलेज-बी, फ्रुक्टोजचे दोन तुकडे करतं. ते तुकडे नाक्याच्या पलीकडे मुख्य रस्त्याला लागतात. जास्तीच्या मालाची यकृत चरबी बनवतं.

आता आपला विटकरी रंगाचा माणूस आठवा. त्याच्यात पहिलं विकर, फ्रुक्टोकायनेज, जन्मतःच कामाचं नसतं. फ्रुक्टोज वळशाच्या तोंडाशीच अडतो, बराचसा इतर वाटांनी वापरला जातो आणि थोडा लघवीवाटे निघून जातो.

आणि दुसरं विकर नसेल तर? तर चित्र भयंकर होतं. 1956 साली इंग्लंडमध्ये चेंबर्स आणि प्रॅट यांनी एका तरुणीची नोंद केली. फळं किंवा साखर खाल्ली की तिला मळमळायचं, घेरी यायची. हाच दोष घेऊन जन्मलेली बाळं आईच्या दुधावर छान वाढतात, कारण दुधातल्या साखरेत फ्रुक्टोज नसतो. पण वरचं अन्न सुरू झालं, फळाचा रस किंवा मधाचं बोट जिभेला लागलं, की उलट्या सुरू होतात. पहिलं विकर फॉस्फेट चिकटवत सुटतं, पुढे तोडणारं कोणी नसतं, माल तुंबतो आणि यकृताची गंगाजळी रिकामी होते. मग रक्तात ग्लुकोज सोडायलाही यकृताला जमत नाही. म्हणजे गोड खाऊन रक्तातली साखर उतरते! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाक्य दोनदा तपासलं होतं. या आजाराचे रोगी गोडाला आयुष्यभर शिवत नाहीत, म्हणून त्यांचे दात बहुधा सुरेख असतात.

एकाच वाटेवरच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या. पहिली निखळली तर काही बिघडत नाही, दुसरी निखळली तर जीव धोक्यात. शास्त्रज्ञांनी दुसरी पायरी नसलेल्या उंदरांमधली पहिलीही काढून टाकली, तेव्हा ते उंदीर फ्रुक्टोजच्या तडाख्यातून वाचले. नुकसान करणारी गोष्ट कुठे आहे ते इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतं.

मग असा बेलगाम वळसा निसर्गाने ठेवलाच कशाला? एक उत्तर पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहतं. तिथला नागडा मोल-उंदीर बिळात दाटीवाटीने राहतो, हवा कोंदट असते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे प्राणी ऑक्सिजन अजिबात नसताना 18 मिनिटं तगले. त्या वेळी त्यांच्या रक्तात फ्रुक्टोज वाढला होता आणि मेंदू, हृदय तो वापरत होते. ऑक्सिजन संपला की ग्लुकोजचा नाका बंद पडतो, फ्रुक्टोज वळशाने जातच राहतो. आपल्या यकृताला जड जाणारा गुण तिथे प्राण वाचवतो.

माणसाच्या लठ्ठपणाबद्दल मात्र मी जपून बोलेन. आहारातल्या उष्मांकांची बेरीज सारखी ठेवली, तर फ्रुक्टोजने वजन वेगळं वाढलेलं बहुतेक प्रयोगांत दिसत नाही. पण कॅलिफोर्नियातल्या 2009च्या अभ्यासात जास्त वजनाच्या लोकांनी 10 आठवडे ग्लुकोजचं किंवा फ्रुक्टोजचं पेय घेतलं. वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच वाढलं, तरी पोटाच्या आतली चरबी फ्रुक्टोजवाल्यांचीच जास्त वाढली. काट्यावर न दिसणारा हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मात्रा आणि वेग इथे निर्णायक आहेत. उंदरांमध्ये दिसलं आहे की थोडा फ्रुक्टोज लहान आतडंच बदलून टाकतं, यकृतापर्यंत फारसा जाऊ देत नाही. आतड्याची ताकद संपली की लोंढा पुढे जातो. पेरू चावून खायला वेळ लागतो आणि त्यातला चोथा साखरेला हळूहळू सोडतो. 300 मिलीच्या गोड शीतपेयातली साधारण 30 ग्रॅम साखर दोन मिनिटांत घशाखाली उतरते. म्हणून फळाला आणि बाटलीला एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

फ्रुक्टोकायनेजला रोखणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत. यकृतात चरबी साठलेल्या लोकांत ती काहीशी घटलेली दिसली. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे गोळीने साधायचं आहे, ते विटकरी रंगाचा तो माणूस द्राक्षांचा घड संपवून, काहीच न कळता, जन्मापासून करत आला आहे.