एका बाटलीची नोंद : वैद्यकाचा इतिहास का जपायचा?

मंडळी, प्लेगात उंदीर पडू लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं, या गोष्टी तुम्ही गडमुडशिंगीकरांनी थोरामोठ्यांकडून ऐकल्या असतील. त्या प्लेगवरची लस हाफकिन यांनी मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था. तिथं संग्रहालयही आहे.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या बाटल्या नि कागद जपून काय मिळतं? तर ऐका. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ही लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले, आणि हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले! ठपका हाफकिनांवर आला, पद गेलं.

पण चौकशीच्या कागदांत दोन साक्षी होत्या. एक, बाटली उघडली तेव्हा घाण वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढले असते, तर तो आलाच असता. दुसरी, मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. म्हणजे दोष प्रयोगशाळेचा नव्हता. याच पुराव्यावर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिनांची बाजू लावून धरली आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला.

नोंदी फेकून दिल्या असत्या तर? म्हणून सांगतो, घरात जुने टोचणीचे दाखले, वैद्यांच्या वह्या असतील, तर रद्दीत घालू नका.