खेळ, खुर्ची आणि खिसा!

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर मला ‘एक्स्पर्ट’ म्हणतात. टोमणाच आहे तो, पण मी कौतुक समजून खिशात टाकतो. क्रिकेट, निवडणूक, कांद्याचा भाव. विषय कुठलाही काढा, माझं मत तयार! गरमागरम, फुकट आणि कुणी मागितलेलं नसताना. आज तुमच्या ताटात वाढतोय. तर्री हवी तेवढी घ्या.

माझं सगळ्यात लाडकं मत: आपल्याकडे इतिहास घडतो तो तिकिटावरून!

माहीत आहे का, वानखेडे स्टेडियम कशामुळे उभं राहिलं? रुसव्यामुळे! पूर्वी मुंबईतल्या टेस्ट ब्रेबॉर्नवर व्हायच्या. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, मॅच भरवणार क्रिकेट असोसिएशन आणि तिकिटांच्या वाटणीवरून दोघांची कायमची धुसफूस. त्यात आमदारांची एक मॅच तिथे घ्यायची टूम निघाली. विधानसभेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे असोसिएशनचेही प्रमुख. क्लबकडून बोलणारे विजय मर्चंट, म्हणजे क्रीजवर पाय रोवून उभे राहणारे ओपनर. ते कसले हलतात! नकार आला आणि वानखेड्यांनी ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच बांधून दाखवलं. तेही तेरा-एक महिन्यांत. आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त व्हायला याहून जास्त वेळ लागला, पण तो विषय वेगळा.

जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली टेस्ट झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा झोडून वास्तुशांत केली. जेवायला आपले बोलर!

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. आमदारांच्या मॅचवरून पेटलेल्या भांडणातून जन्मलेल्या याच मैदानावर ३१ ऑक्टोबर २०१४ ला देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मॅच ब्रेबॉर्नवर नाही, तर सरकार वानखेडेवर!

असाच दुसरा किस्सा. १९८३ ची लॉर्ड्सची फायनल. नागपूरचे एन. के. पी. साळवे तेव्हा केंद्रात मंत्री आणि भारतीय क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष. फायनलचे दोन जादा पास मागितले तर मिळाले नाहीत म्हणे. साळवे चिडले आणि चार वर्षांत अख्खा वर्ल्ड कपच इंग्लंडबाहेर काढून भारत-पाकिस्तानात घेऊन आले. वानखेडेही विदर्भातलेच. तेव्हा विदर्भातल्या माणसाला तिकीट नाकारताना दोनदा विचार करावा, हे माझं मत सगळ्या पक्षांनी नोंदवून घ्यावं.

बरं, १९८३ चा तो कप जिंकलेल्या आपल्या पोरांना द्यायला बोर्डाकडे पैसे होते का? नव्हते! मग लता मंगेशकर दिल्लीत मैफल करतात, २० लाखांच्या आसपास जमतात आणि प्रत्येक खेळाडूच्या हातात १ लाख पडतो. लतादीदींनी मानधन घेतलं नाही. आणि २०२४ च्या आयपीएल लिलावात एकट्या ऋषभ पंतला २७ कोटी! याला महागाई म्हणायचं की प्रगती, यावर आमच्या कट्ट्यावर दोन गट आहेत. मी दोन्हींत आहे.

आता खरी इकॉनॉमी पाहायचीय? नाशिकचे बापू नाडकर्णी! जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. त्यातली २१ तर सलग निर्धाव! नेटमध्ये म्हणे खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा पाडायचा सराव करायचे. नाणं ठेवायचं आणि धाव द्यायची नाही: असा माणूस अर्थ खात्यात हवा होता. विकेट? शून्य. बजेटमध्ये तरी कुठे सगळंच मिळतं?

बजेटवरून आठवलं. मोरारजी देसाईंचा वाढदिवस २९ फेब्रुवारी. चार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या या तारखेला त्यांनी दोनदा बजेट मांडलं, १९६० आणि १९६८ ला. केक त्यांचा, बिल आपलं.

खिशात एक रुपयाची नोट आहे? बघा नीट! तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवांची असते. बाकीच्या नोटांवर गव्हर्नरसाहेब. त्या खुर्चीत बसलेले पहिले भारतीय कोण? महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख! पुढे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा देऊन मोकळे. फावल्या वेळात काय, तर ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद. आपण फावल्या वेळात रील बघतो.

राजीनामा झाला, आता सभात्याग. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३! ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम फक्त नऊ धावा लांब. तेवढ्यात मध्यंतर झालं आणि काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, अडून बसले. आपल्या टीमचं नाव असल्या विक्रमात नको! मॅच सोडली, सामान बांधलं, चालू पडले. विधानसभेत सभात्याग केलेला माणूस निदान लॉबीत तरी सापडतो. निंबाळकरांना पुढे टेस्ट खेळायला कधीच मिळालं नाही. इथे मला जोक सुचत नाही.

पटकन एक. शरद पवार क्रिकेटच्या बोर्डात कसे पोहोचले, याची चर्चा पुष्कळ होते. पण त्यांचे सासरे सदू शिंदे भारताकडून टेस्ट खेळलेले लेगस्पिनर होते, माहीत आहे का? घरातच गुगली!

आणि कांदा? लासलगावला भाव पडला की शेतकरी रडतो, दिल्लीत चढला की मंत्री. १९९८ मध्ये दिल्लीतलं राज्य सरकार निवडणूक हरलं, त्यात कांद्याचा वाटा मोठा होता. जगात कुठल्या भाजीची एवढी पॉवर आहे, सांगा बरं!

गुंतवणुकीवरही माझं मत आहेच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. कशासाठी? गोळेश्वरच्या एका पैलवानाला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला! खाशाबा जाधव ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या म्हणतात. मग खाशाबांनी काय केलं असेल? कुस्त्या लावल्या, त्यातून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं.