फ्रेंच जेवण आणि शुगरची गोळी

रेस्टॉरंट हा शब्द आज आपण जागेसाठी वापरतो. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये तो एका पदार्थाचं नाव होता. ‘रेस्तोराँ’ म्हणजे गेलेली ताकद परत आणणारा, मांस आणि हाडं तासन्‌तास उकळून केलेला रस्सा. ज्यांना नेहमीचं जेवण सोसत नाही अशा अशक्त माणसांसाठी १७६०च्या दशकात तो विकणारी दुकानं पॅरिसमध्ये निघाली. पुढे त्या दुकानांनाच रश्श्याचं नाव चिकटलं. म्हणजे रेस्टॉरंटचा जन्म आजारी माणसाच्या सोयीसाठी झाला. आज मात्र मोठ्या हॉटेलातल्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जाण्याआधी आजारी माणसानं, विशेषतः मधुमेही माणसानं, दोन-चार गोष्टी माहीत करून घेतलेल्या बऱ्या.

मोठं हॉटेल आणि फ्रेंच जेवण यांची जोडी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमली. सेझार रिट्झ हा व्यवस्थापक आणि ऑग्युस्त एस्कॉफिए हा आचारी, या दोघांनी १८९०च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात ती लोकप्रिय केली. एस्कॉफिएचा पाककृतींचा प्रसिद्ध ग्रंथ १९०३ साली आला, आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झालं. याच ताजमध्ये पुढे ‘राँदेव्हू’ आणि ‘झोडियाक ग्रिल’ ही रेस्टॉरंटं नावाजली. आता मुंबई-पुण्याच्या बड्या हॉटेलांत असं जेवण मिळणं नवलाचं राहिलेलं नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बाहेरचं खाणं म्हणजे शेगावची कचोरी, हायवेवरचा ढाबा, नाहीतर हिवाळ्यात शेतावरचं भरीत-भाकरी आणि रोडगे. पण चिखली, मेहकर, मलकापूर, खामगावची मुलं आज पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. आईवडील भेटायला गेले की ती त्यांना हौसेनं चांगल्या हॉटेलात नेतात. तिथून परतलेले आईवडील मग आमच्या ओपीडीत गोळ्या घ्यायला येतात, तेव्हा त्या जेवणाची हकीकतही सांगतात.

अशाच एका पासष्टीच्या शेतकऱ्याची ही हकीकत. दहा वर्षांचा मधुमेह, गोळ्या नियमित. घरी रोज साडेसातला गोळी आणि आठला भाकरी, हा नेम. मुंबईतही त्यांनी साडेसातलाच गोळी घेतली आणि मुलाबरोबर गाडीत बसले. ट्रॅफिकमध्ये तास गेला. टेबलावर बसायला पावणेनऊ झाले. मेन्यू समजून घेण्यात, ऑर्डर देण्यात आणखी वेळ. ब्रेड आणि लोणी आलं, पण मैदा नको म्हणून त्यांनी ब्रेडला हात लावला नाही. मग बशीत एक घासाचा पदार्थ आला, मग वाटीभर पातळ सूप. सव्वानऊला त्यांचे हात थरथरू लागले, अंग घामानं ओलं झालं. मुलाला वाटलं, हार्ट ॲटॅक. शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी साखरेचं पाणी पाजायला सांगितलं आणि पंधरा मिनिटांत ते सावरले. “पोरानं हौसेनं नेलं न् मले तिथंच घाम फुटला,” ते मला म्हणाले. पुन्हा असल्या हॉटेलात पाऊल ठेवणार नाही, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

यात दोष हॉटेलचा नव्हता आणि मुलाचाही नव्हता. फ्रेंच जेवण मुळात एका ताटात येत नाही. २०१० साली युनेस्कोनं फ्रेंच जेवणाच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या नोंदीत सुरुवातीचा पदार्थ, मग भाज्यांसह मासा किंवा मांस, मग चीज आणि शेवटी गोड, असे किमान चार टप्पे सांगितले आहेत. मोठ्या हॉटेलात ते सहा-सात होतात आणि जेवण दोन ते अडीच तास चालतं. मुख्य पदार्थ यायला सहज तासभर लागतो.

गोळीला हे कळत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न पोहोचलं की नाही याची त्या वाट पाहत नाहीत. इन्सुलिन रक्तात येतं, साखर उतरते आणि वरून अन्नाची भर पडत नाही. जेवणाआधी घ्यायच्या इन्सुलिनचंही तेच. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारसा नसतो. म्हणून आपल्या पाकिटातली गोळी कोणत्या गटातली आहे, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात आणि पेशंटला ती एकच वाटते.

जेवण लांबणार असेल तर गोळी घरी घेऊन निघू नका, खिशात न्या. खरं जेवण समोर आलं की मग घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जाण्याआधी वेळ आणि डोस आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावा. तरीही घाम, थरथर, धडधड, एकाएकी प्रचंड भूक किंवा डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं जाणवली, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या. मशीन असेल तर साखर तपासा. ७०च्या खाली असेल तर ती कमीच आहे. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तितकीच साखर घ्या, आणि बरं वाटल्यावर ब्रेड किंवा भात खा. त्या टेबलावर लोणी, चीज, चॉकलेट भरपूर असतं, पण अशा वेळी ते उपयोगाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

एवढं सांभाळलं तर या जेवणाकडून आपल्याला शिकण्यासारखंही आहे. पहिली गोष्ट वाढप. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅरिस आणि अमेरिकेतलं फिलाडेल्फिया इथल्या खाण्याच्या ठिकाणांवरचं वाढप मोजलं गेलं. पॅरिसमध्ये ते सरासरी २७७ ग्रॅम भरलं, फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम. लोणी-साय खाऊनही फ्रेंच माणूस अमेरिकन माणसाइतका का सुटत नाही, याचं एक साधं कारण संशोधकांना इथे दिसलं.

दुसरी गोष्ट क्रम. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी २०१५ साली ११ मधुमेही रुग्णांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिलं. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा रस आधी, भाज्या आणि चिकन नंतर. दुसऱ्यांदा नेमकं उलट. भाज्या आणि चिकन आधी खाल्लं त्या दिवशी तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी होती. अभ्यास लहान होता, पण पुढच्या अभ्यासांतही असाच फरक दिसला आहे. फ्रेंच जेवणात गोड अगदी शेवटी येतं, ते मधुमेह्याच्या पथ्यावर पडतं. गोळी वेळेवर घेतलेली असेल तर ब्रेडचा तुकडा भुकेल्या पोटी खाण्यापेक्षा मुख्य पदार्थाबरोबर खावा.

तिसरी गोष्ट वेळ. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत ताट संपवणारा माणूस निरोप येण्याआधीच दोन पोळ्या जास्त खाऊन बसतो.

आता वाइनबद्दल, कारण तो प्रश्न ओपीडीत हमखास येतो. “साहेब, वाइन हार्टला चांगली असते ना?” या समजाचं मूळ १९९२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या फ्रेंच संशोधकांच्या लेखात आहे. इतकं लोणी-चीज खाऊनही फ्रान्समध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी का, या कोड्याचं उत्तर त्यांनी वाइनमध्ये शोधलं. पुढे १९९९ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की फ्रान्समध्ये हृदयविकाराचे काही मृत्यू दुसऱ्याच कारणाखाली नोंदले जात होते, आणि फ्रेंचांच्या आहारात प्राणिज चरबी वाढली तीच मुळी अलीकडे, तिचे परिणाम दिसायला काळ जावा लागणार होता. शिवाय अशा अनेक अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही मोजली गेली होती, त्यामुळे पिणारे जास्त निरोगी दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला निर्धोक म्हणावं असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. मधुमेह्यासाठी आणखी एक धोका आहे. पोट रिकामं असताना यकृत साखर तयार करून रक्तात सोडत असतं. दारू ते काम थोपवते. वर शुगरची गोळी असेल तर साखर मध्यरात्री, झोपेत उतरू शकते. घरच्यांना वाटतं, पिऊन झोपला आहे.

बाकी सावधगिरी साधी आहे. सॉसमध्ये लोणी, साय आणि मीठ सढळ असतं. रक्तदाबाच्या पेशंटनं सॉस बाजूला मागावा. गरोदर बाईनं कच्च्या दुधाचं मऊ चीज, अर्धकच्चं मांस आणि कच्चे शिंपले टाळावेत. शाकाहारी माणसानं सूप कशात उकळलं आहे हे विचारावं. अशा ठिकाणी वेटरला विचारण्यात कमीपणा काहीच नाही, पदार्थ समजावून सांगणं हे त्याचं कामच आहे.

हे सगळं मुंबईच्या हॉटेलापुरतं सांगितलं असतं, तर आमच्या जिल्ह्याला त्याचा उपयोग थोडा. आयसीएमआरच्या पुढाकारानं झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातले बहुतेक फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये कधी जाणार नाहीत, पण लग्नाला सगळेच जातात. मुहूर्त साडेअकराचा असतो, वरात नाचत येते आणि पंगत दोनला बसते. सकाळी नेमानं घेतलेली गोळी तोवर आपलं काम करून मोकळी झालेली असते. लग्नाच्या दिवसात मांडवातून थेट दवाखान्यात आणलेले, घामानं भिजलेले पेशंट आम्ही दरवर्षी पाहतो. पान वाढल्यावर उलटी तऱ्हा. आग्रह सुरू होतो, जिलबी आधी येते आणि कोशिंबीर ताटाच्या कडेला तशीच राहते.

त्या शेतकऱ्यालाही मी हेच सांगितलं. मुलाबरोबर पुन्हा खुशाल जा, पण गोळी खिशात न्या. लग्नाला जाताना गोळीची पट्टी आणि साखरेची पुडी पिशवीत ठेवा. उशीर होणार असं दिसलं तर मधे मूठभर फुटाणे किंवा एखादं केळ खा, आणि जेवणाआधीची गोळी पान वाढल्यावर घ्या. पहिला घास कोशिंबिरीचा, मग भाजी-वरण, मग पोळी-भात आणि गोड शेवटी, तेही एकदाच. वाढणाऱ्यानं आग्रह केला तर पानावर आडवा हात धरा. पाहुण्याला मधुमेह आहे हे ठाऊक असूनही आग्रह करणाऱ्यांनी तो हात पाहून पुढच्या पानाकडे जावं.