नाती जपणारा डेटाबेस, विसरणारे कंटेनर : एका दशकाचा मागोवा

२००० साली मुंबईला येणाऱ्या एका विमानात एमिल आयफ्रेम या स्वीडिश तंत्रज्ञाने कागदी रुमालावर एक आराखडा काढला. माहिती तक्त्यांच्या रकान्यांत कोंबायची नाही. वस्तू वस्तू म्हणून ठेवायच्या, त्यांच्यातली नाती नाती म्हणूनच ठेवायची आणि वस्तूंप्रमाणे नात्यांनाही स्वतःचे गुणधर्म द्यायचे, हा त्याचा गाभा. त्यातून पुढे निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस उभा राहिला. २००७ मध्ये तो मुक्त स्रोत झाला, २०१० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्या काळी तो एका भक्कम सर्व्हरवर बसवायचा आणि त्या सर्व्हरची काळजी घ्यायची, एवढंच काम होतं. मग कंटेनर, म्हणजे हवे तेव्हा उभे करून हवे तेव्हा फेकून देता येणारे प्रोग्रॅमचे डबे, आले आणि सर्व्हर ही कायमची वस्तू राहिली नाही. नाती जपणारा डेटाबेस अशा अस्थिर जमिनीवर कसा उभा करायचा, याचा शोध साधारण २०१४ ते २०२४ या दशकात लागला. हा मागोवा त्या शोधाचा.

ग्राफ म्हणजे काय, हे माजरीवरून चांगलं समजतं. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातलं हे कोळशाचं गाव, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या माजरी क्षेत्राचं ठिकाण. दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गाचा नागपूर-बल्लारशाह टप्पा इथून जातो: वरोरा, माजरी, भांदक, ताडाळी, चंद्रपूर. ताडाळीहून घुग्घुसला फाटा फुटतो. माजरी जंक्शनवरून दुसरी लाइन वणीकडे वळते आणि पिंपळखुटी, आदिलाबाद करत मुदखेडला जाते. खाणी, सायडिंग, स्थानकं, मालगाड्यांचे रेक आणि २,९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं महाऔष्णिक वीजकेंद्र हे सगळं तक्त्यांत मांडता येतं. खाणींचा एक तक्ता, स्थानकांचा एक, मार्गांचा एक. पण माजरीत वाहतूक अडली तर कोणत्या सायडिंगवरचे रेक अडकतील आणि वणी-आदिलाबादकडून वळसा घालून त्यातले कोणते काढता येतील, असं विचारलं की प्रत्येक पावलाला तक्ते एकमेकांना जोडावे लागतात. दोन पावलांपर्यंत ते निभतं. सहा-सात पावलांवर डेटाबेस धापा टाकू लागतो. ग्राफमध्ये माजरीच्या नोंदीतच तिच्या पहिल्या नात्याचा पत्ता असतो आणि त्या नात्याच्या नोंदीत पुढच्या नात्याचा. शोध घ्यावा लागत नाही, फक्त पत्ता धरून चालायचं.

निओफोरजेच्या जुन्या, रुळलेल्या साठवण पद्धतीत एका नोडची, म्हणजे वस्तूची, नोंद १५ बाइटची असते आणि एका नात्याची ३४ बाइटची. त्या ३४ बाइटांत नातं कुठून कुठे जातं ते आणि दोन्ही टोकांची मागची-पुढची नाती कोणती ते, असं सगळं असतं. दहा कोटी नाती म्हणजे ३.४ जीबी. एवढी माहिती मेमरीत मावली तर डेटाबेस पळतो. डिस्कवरून ओढावी लागली तर रखडतो. पुढे क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या यंत्रांवर, जे जे घडलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या साध्या हिशेबात आहे.

विसरणं हाच गुण

कंटेनर बांधणारा आणि चालवणारा डॉकर लोकांसमोर आला मार्च २०१३ मध्ये. अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस गुगलने जाहीर केलं जून २०१४ मध्ये आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. कुबरनेटिसची मूळ रीत सरळ होती: पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा संच, पडला की दुसरा उभा करायचा. नव्या पॉडचं नाव नवं, पत्ता नवा, डिस्क कोरी. वेबसाइटच्या सर्व्हरला हे मानवतं, कारण त्याला स्वतःचं काही लक्षात ठेवायचं नसतं. डेटाबेसचा तर सगळा जीवच त्या डिस्कवर. त्यामुळे डेटाबेस क्लस्टरच्या बाहेर ठेवा, हाच त्या दिवसांतला सल्ला होता आणि त्या दिवसांपुरता तो योग्यही होता.

एप्रिल २०१६ मध्ये पनामा पेपर्स उघड झाले. १ कोटी १५ लाख कागदपत्रं, २.६ टेराबाइट माहिती. आंतरराष्ट्रीय शोधपत्रकारांच्या संघटनेने त्यातल्या कंपन्या, संचालक, मध्यस्थ आणि पत्ते यांची नाती निओफोरजेत मांडली. कोण कोणाशी कुठल्या साखळीने जोडलेलं आहे, हे पत्रकारांना स्वतः पाहता आलं. ग्राफ डेटाबेस कशासाठी हवा, हे त्यानंतर फारसं समजावून सांगावं लागलं नाही. प्रश्न उरला तो कुठे आणि कसा बसवायचा याचा.

नाव, डिस्क आणि बहुमत

उत्तराची सुरुवात त्याच वर्षी झाली. जुलै २०१६ च्या कुबरनेटिस १.३ मध्ये पेटसेट आला, डिसेंबरच्या १.५ मध्ये त्याचा स्टेटफुलसेट झाला आणि डिसेंबर २०१७ च्या १.९ मध्ये तो पक्का ठरला. यात पॉडला कायमचा क्रमांक मिळतो: शून्य, एक, दोन. एक क्रमांकाचा पॉड मेला तर त्याच नावाने परत येतो आणि स्वतःचीच डिस्क पुन्हा उचलतो.

निओफोरजेची ३.१ आवृत्तीही डिसेंबर २०१६ चीच. तिच्यात राफ्ट पद्धतीवर चालणारी क्लस्टरची नवी रचना आली. मुख्य सर्व्हरांपैकी बहुमताने होकार दिल्याशिवाय कोणताही बदल पक्का होत नाही. तीनांतला एक गेला तरी काम चालतं, पाचांतले दोन गेले तरी चालतं. पण असं बहुमत मोजायचं तर सदस्यांची ओळख टिकली पाहिजे, आणि ती ओळख आता स्टेटफुलसेट देऊ लागला. दोन वेगळ्या गटांनी आपापल्या गरजेपोटी केलेली कामं अशी एकमेकांत बसली. या दशकातला कलाटणीचा महिना निवडायचा तर मी हाच निवडीन.

डिस्कचं कोडं सुटायला आणखी वेळ लागला. मागणीनुसार डिस्क तयार करण्याची सोय २०१७ मध्ये स्थिरावली, तरी एक अडचण होतीच. डिस्क क्लाउडच्या एका विभागात तयार व्हायची, पॉडची नेमणूक दुसऱ्याच विभागात व्हायची आणि पॉड नुसता ताटकळत राहायचा. पॉड कुठे बसणार हे ठरल्यावरच डिस्क बांधायची, हा पर्याय नंतर आला आणि ही खोळंबा करणारी भानगड मिटली. २०१८ च्या अखेरीस डिस्क जोडण्याचा सामायिक करार पक्का झाला, २०२० च्या अखेरीस डिस्कची तत्काळ प्रत घेण्याची सोय पक्की झाली.

न तुटणारी नाती

इतर डेटाबेस मोठे झाले की त्यांचे तुकडे करून वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. ग्राफचं तसं होत नाही. वरोरा एका यंत्रावर आणि माजरी दुसऱ्यावर ठेवली, की दोघांमधलं प्रत्येक पाऊल नेटवर्कवरून टाकावं लागतं. मेमरीतलं पाऊल नॅनोसेकंदांचं, नेटवर्कवरची फेरी त्याच्या हजारोपट. कुठेही कापलं तरी काही नाती त्या कापावर येतातच, आणि माजरीसारखं जंक्शन नेमकं तिथे आलं तर सगळी चाल मंदावते.

तरी प्रयत्न झाले, आणि ते मोलाचे होते. टायटन या प्रकल्पाने साठवणीचं काम कसँड्रा, एचबेस यांसारख्या आधीच वाटून चालणाऱ्या डेटाबेसवर सोपवलं. त्याचा वारसा जानेवारी २०१७ पासून जॅनसग्राफने लिनक्स फाउंडेशनच्या छायेत चालवला. पसारा हवा तेवढा वाढवता येतो, पण सांभाळायची यंत्रणाही वाढते: ग्राफचा सर्व्हर वेगळा, साठवणीचा क्लस्टर वेगळा, मजकूर शोधायचा तर त्याची व्यवस्था आणखी वेगळी. गुगलमधून बाहेर पडलेल्या मनीष जैन यांनी उभारलेल्या डीग्राफने एकेका प्रकारचं नातं एकेका गटाकडे पूर्णपणे ठेवायचं, असा मार्ग काढला. निओफोरजेने २०२० च्या ४.० आवृत्तीत अनेक ग्राफांना एकाच वेळी प्रश्न विचारण्याची सोय दिली, मात्र कुठे कापायचं हे ठरवणं वापरणाऱ्यावरच ठेवलं.

या सगळ्यातून एक शहाणपण रुजलं: प्रत्येक मुख्य सर्व्हरवर ग्राफची अख्खी प्रत ठेवा, प्रती वाढवा, तुकडे मात्र अगदी नाइलाज झाला तरच करा. २०२२ च्या पाचव्या आवृत्तीत प्राथमिक आणि दुय्यम प्रतींची जी विभागणी आली, तीही याच वाटेवरची.

सेटिंगमधले खाचखळगे

ज्यांनी हे हाताने बसवलं आहे त्यांना माहीत आहे की वेळ आराखड्यात जात नाही, सेटिंगमध्ये जातो. निओफोरजेच्या डॉकर प्रतिमेत कोणतीही सेटिंग पर्यावरण-चलातून देता येते. चलाच्या नावाआधी ‘निओफोरजे’ लावायचं, सेटिंगमधल्या टिंबाच्या जागी एक अधोरेषा लिहायची आणि मुळात अधोरेषा असेल तिथे दोन. इकडे कुबरनेटिस आपणहून प्रत्येक सर्व्हिसचा पत्ता आणि पोर्ट चलांच्या रूपात पॉडमध्ये सोडतं, सर्व्हिसच्या नावाने. आता सर्व्हिसचं नावच ‘निओफोरजे’ ठेवलं तर काय होतं? ती आपोआप आलेली चलं डेटाबेसला सेटिंग वाटतात. ‘पोर्ट.७६८७’ अशी सेटिंग अस्तित्वात नाही, असं म्हणून पाचवी आवृत्ती सुरूच व्हायला नकार देते. उपाय एका ओळीचा: सर्व्हिसचं नाव बदला, किंवा पॉडच्या वर्णनात सर्व्हिस-लिंक बंद करा. कारण सापडेपर्यंत मात्र दिवस मोडतो.

मेमरीचं प्रकरण याहून गंभीर. पॉडला १६ जीबीची मर्यादा दिली म्हणून ते सगळं डेटाबेसला वाटून टाकायचं नसतं. जावाच्या हीपला ५, पेज कॅशला ७ अशी वाटणी केली तर उरलेले ४ व्यवहार, शोध-निर्देशांक आणि खुद्द प्रणाली यांच्या वाट्याला येतात. हा उरलेला हिस्सा विसरलात तर भर गर्दीत लिनक्स तो पॉड मारून टाकतो आणि नोंदीत १३७ हा आकडा मागे राहतो. हे आकडे हाताने लिहायचे, अंदाजावर सोडायचे नाहीत.

पासवर्ड कुबरनेटिसच्या गुप्त-नोंदीत बदलला तरी डेटाबेसचा बदलत नाही, कारण तो पहिल्याच वेळी डिस्कवर कोरला गेलेला असतो. प्रतिमेतला वापरकर्ता ७४७४ क्रमांकाचा, म्हणून डिस्कची मालकी त्या क्रमांकाच्या गटाकडे द्यावी लागते. क्लस्टरबाहेरून जोडणी केली की डेटाबेस आपला आतला पत्ता परत सांगतो आणि बाहेरच्याला तो सापडत नाही. तेव्हा जाहीर करायचा पत्ता वेगळा लिहावा लागतो. पॉड बंद करताना मिळणारे मूळचे ३० सेकंद मोठ्या ग्राफला अपुरे पडतात, तीही मुदत वाढवावी लागते. पुढे निओफोरजेच्या कंपनीनेच हेल्म चार्ट, म्हणजे कुबरनेटिसवर बसवण्याचे तयार साचे, दिले आणि यातलं बरंचसं ज्ञान त्यांत मुरलं. तरीही प्रत्येक ओळ तिथे का आहे, हे ठाऊक असलेला माणूस लागतोच.

हाती काय आलं

या दशकात एक दार बंदही झालं. नोव्हेंबर २०१८ च्या ३.५ आवृत्तीपासून निओफोरजेच्या एंटरप्राइज आवृत्तीचा स्रोत खुला राहिला नाही, आणि क्लस्टर त्याच आवृत्तीत मिळतो. छोट्या संस्थांना ही गोष्ट जाचते. दुसरीकडे एप्रिल २०२४ मध्ये ग्राफच्या प्रश्नभाषेला जीक्यूएल या नावाने आंतरराष्ट्रीय मानक मिळालं. आज लिहिलेले प्रश्न उद्या दुसऱ्या डेटाबेसवर नेता येण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. माझ्या मते दशकाची ही मोठी कमाई आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीला याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, हे पावसाळ्यामागून पावसाळे घडत आलं आहे. कोणता पूल बुडाला की कोणती गावं कोणत्या आरोग्य केंद्रापासून तुटतात आणि त्यातल्या कोणत्या गावांना दुसरी वाट आहे, हा अस्सल ग्राफचा प्रश्न आहे. दोन जिल्ह्यांची गावं, रस्ते, पूल आणि केंद्रं मिळून जो ग्राफ होतो, तो एका साध्या लॅपटॉपच्या मेमरीत आरामात मावतो. त्याला तीन सर्व्हरांचं बहुमत नको. मोफत कम्युनिटी आवृत्ती, एक पॉड, एक डिस्क एवढं पुरे. माजरी-भद्रावतीकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना ते घरच्या यंत्रावर छोटा कुबरनेटिस क्लस्टर उभारून करता येईल.

त्यांना मी एकच आग्रहाने सांगेन. पहिल्या आठवड्यातच डेटाबेस थांबवून त्याची प्रत काढा, डिस्क पुसून टाका आणि त्या प्रतीवरून सगळा ग्राफ परत उभा करा. स्टेटफुलसेट, राफ्ट, डिस्कच्या प्रती हा सगळा दशकाचा खटाटोप शेवटी याच एका खात्रीसाठी होता: यंत्र गेलं तरी नाती राहिली पाहिजेत. ती खात्री ज्याने स्वतःच्या हाताने करून घेतली, त्याने भामरागडचा प्रश्न बिनधास्त हातात घ्यावा.