नव्या कॅमेऱ्याची पारख : शिलालेखातील ठिपका कोणाचा?

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली आगगाडी रावेर मागे टाकते, राज्याची सीमा ओलांडते आणि थोड्याच वेळात तापीकाठच्या बऱ्हाणपूरला पोहोचते. खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसविलेले हे शहर एके काळी खानदेशच्या फारुकी राजांची राजधानी होते. येथील जामा मशिदीत फारुकी राजा आदिलशाह याच्या काळातील दोन लेख आहेत. एक अरबी भाषेत, तर दुसरा संस्कृत भाषेत व नागरी लिपीत आहे. विक्रम संवत १६४६ मधील, म्हणजे इ. स. १५९० च्या प्रारंभीच्या या संस्कृत लेखात फारुकी घराण्याची वंशावळ कोरलेली आहे.

या दोन्ही लिपींत ठिपक्याला मोठा मान आहे. नागरीत ‘वंश’ या शब्दावरील अनुस्वार गेला की ‘वश’ उरतो. अरबीत ‘बे’, ‘ते’ आणि ‘से’ या अक्षरांचा मूळ आकार एकच असून केवळ नुक्त्यांची संख्या व जागा यांवरून ती ओळखली जातात. अरबी अंकांतील शून्य तर निव्वळ एक ठिपकाच होय. अशा लेखाच्या छायाचित्रात कॅमेऱ्याने स्वतःचा एखादा ठिपका उमटविला, तर वाचणाऱ्याने काय समजावे? बऱ्हाणपूरचे लेख विद्वानांनी पूर्वीच वाचलेले आहेत. तेथे चूक सहज सुधारता येईल. परंतु गावोगावी देवळाच्या ओट्यावर, बारवेच्या पायरीवर, शेताच्या बांधावर आजही न वाचलेले लेख आहेत. दगड झिजत चालला आहे. उद्या कदाचित छायाचित्र हाच एकमेव पुरावा उरेल. म्हणून शाळेने, ग्रामपंचायतीने अथवा एखाद्या हौशी व्यक्तीने नवा डिजिटल कॅमेरा घेतल्यावर प्रथम त्याचीच परीक्षा घेणे अगत्याचे आहे.

सेन्सर म्हणजे काय?

जुन्या कॅमेऱ्यात जे काम फिल्म करीत असे, ते डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर करतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी या तंत्राचा पाया घातला. त्याबद्दल त्यांना २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारे केवळ १०,००० बिंदू होते. आज २४ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यात असे २ कोटी ४० लाख बिंदू, म्हणजे पिक्सेल, असतात. मध्यम आकाराच्या सेन्सरवर हे पिक्सेल इतके बारीक असतात की, माणसाच्या केसाच्या जाडीत त्यांपैकी पंधरा-वीस सहज मावतील.

प्रत्येक पिक्सेल पडलेल्या प्रकाशाचे विजेच्या भारात रूपांतर करतो. कोट्यवधींच्या या समुदायात काही सदोष निघणे स्वाभाविक आहे. कारखान्यातच अशा पिक्सेलांची नोंद करून त्यांच्या जागी शेजारच्या पिक्सेलांवरून काढलेले मूल्य भरले जाते. या गाळणीतून सुटलेले व पुढे वापरात निर्माण झालेले दोष तेवढे शोधावयाचे असतात.

दोषांचे प्रकार

जो पिक्सेल प्रकाशाला प्रतिसादच देत नाही, तो मृत पिक्सेल. त्याचा काळा ठिपका पडतो. जो कायम पेटलेला राहतो, तो अडकलेला पिक्सेल. तिसरा प्रकार तप्त पिक्सेलचा. शटर अधिक वेळ उघडे राहिले की, उष्णतेमुळे त्याच्यात प्रकाशाशिवायच विद्युत्भार साचतो आणि अंधारात तांबडा, हिरवा अथवा निळा ठिपका चमकू लागतो. तापमान सुमारे सहा ते आठ अंश सेल्सिअसने वाढले की, हा नको असलेला प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. याखेरीज सेन्सरवर बसलेली धूळ असते. तो पिक्सेलचा दोष नव्हे. परंतु उजळ दगडावर तिचा करडा डाग खऱ्या खळगीसारखा भासतो.

अंधारातील परीक्षा

भिंगाला टोपण लावावे व पाहण्याची खिडकी काळ्या कापडाने झाकावी. फोकस हाताने करण्याच्या व्यवस्थेवर ठेवावा. अन्यथा अंधारात कॅमेरा छायाचित्र घेण्यास नकार देतो. आयएसओ १०० ठेवून, दीर्घ प्रकाशनातील दोष आपोआप काढून टाकणारी सोय तात्पुरती बंद करावी. नंतर एक साठांश सेकंद, एक सेकंद आणि तीस सेकंद अशी प्रत्येकी तीन चित्रे घ्यावीत व संगणकाच्या पडद्यावर पूर्ण आकारात कोपऱ्याकोपऱ्याने तपासावीत.

तिन्ही चित्रांत ठिपका त्याच जागी असेल, तर तो सेन्सरचा. दर वेळी जागा बदलत असेल, तर ती केवळ दाणेदार खरखर होय. चित्र पडद्यावर सरकवून पाहावे. चित्र सरकले तरी ठिपका जागचा हलला नाही, तर दोष कॅमेऱ्याचा नसून संगणकाच्या पडद्याचा आहे. तीस सेकंदांच्या चित्रात थोडे तप्त पिक्सेल दिसल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र एक साठांश सेकंदाच्या चित्रातही ठळक ठिपका दिसत असेल, तर तो विक्रेत्याच्या निदर्शनास आणावा.

ही परीक्षा बऱ्हाणपुरात निरुपयोगी ठरणार नाही. रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याकडील पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणण्यासाठी उभारलेल्या कुंडी भंडाऱ्याचे चित्रण अंधारात, दीर्घ प्रकाशनानेच करावे लागते. बाहेरच्या उन्हात तापलेला कॅमेरा थेट तेथे वापरल्यास तप्त पिक्सेल अधिक उमटतात. कॅमेरा प्रथम सावलीत निवू द्यावा. बंद केलेली सोयही आता सुरू करावी. मूळ चित्रानंतर तेवढाच वेळ शटर मिटून कॅमेरा दुसरे काळे चित्र घेतो व त्यातील ठिपके पहिल्यातून वजा करतो.

उजेडातील परीक्षा

पांढऱ्या भिंतीसमोर भिंगाचे छिद्र एफ/१६ अथवा त्याहून लहान करावे, फोकस मुद्दाम बिघडवावा व चित्र घेताना कॅमेरा किंचित हलवावा. भिंतीवरील डाग पुसट होऊन पसरतात. सेन्सरवरील धुळीचा डाग मात्र जागेवर राहतो. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडत असल्याने चित्रात वर दिसणारा कण सेन्सरच्या खालच्या भागावर असतो. धूळ काढण्यासाठी केवळ रबरी फुग्याची हवा वापरावी. तोंडाने फुंकर मारू नये, रुमाल लावू नये. थुंकीचा बारीक कणही नवा डाग निर्माण करतो.

दोष आढळल्यास

काही कॅमेऱ्यांत सदोष पिक्सेल पुन्हा नोंदवून झाकण्याची सोय यादीतच दिलेली असते. इतरांसाठी सेवा केंद्रात जावे लागते. ही तपासणी खरेदीनंतर लगेच, बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वी करावी. पावती, हमीपत्र व तपासणीची मूळ चित्रे जपून ठेवावीत. विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.

शिलालेखाचे चित्र घेताना आणखी एक सवय लावून घ्यावी. एकच लेख दोनदा टिपावा व दुसऱ्या वेळी कॅमेरा चार बोटे बाजूला सरकवावा. खरा अनुस्वार अक्षराबरोबर सरकतो. कॅमेऱ्याचा ठिपका चौकटीत होता तेथेच राहतो. कॅमेऱ्याच्या काळ्या व पांढऱ्या परीक्षेची चित्रेही लेखाच्या छायाचित्रांसोबत तारखेनिशी जतन करावीत. पुढे कोणी अभ्यासक हा लेख वाचण्यास बसेल, तेव्हा कोरक्याने घातलेला ठिपका कोणता आणि यंत्राने घातलेला कोणता, हे त्याला निःशंकपणे सांगता आले पाहिजे.